फुकटच्या साधनांचे मोल

मागणीचा विस्तार आणि मागणीतील वाढ यांतील भेद फळ्यावरील स्थिर आकृतीने विद्यार्थ्याला सहसा उमगत नाही. पडद्यावर एकदा बिंदू वक्रावरून सरकला आणि नंतर वक्रच जागेवरून हलला, की तो ध्यानात येतो. ऑनलाइन ॲनिमेशनच्या साधनांकडे शिक्षक वळतात ते यासाठी. त्यांपैकी पुष्कळशी प्रारंभी फुकट असतात. परंतु त्यांची किंमत शिक्षक आपल्या श्रमाने चुकवीत असतो. लिहिलेले संवाद पात्रांच्या तोंडून वदविणारे ‘एक्स्ट्रानॉर्मल’ हे संकेतस्थळ २०१३ मध्ये बंद पडले. ३१ डिसेंबर २०२० रोजी ‘ॲडोबी’ने ‘फ्लॅश’चा आधार काढून घेतला आणि त्यावर रचलेले असंख्य पाठ ब्राउझरमध्ये चालेनासे झाले. पाठांत दोष नव्हता. साधनाची मालकी परक्याची होती. म्हणून नवे साधन पारखताना चित्रे किती सुबक, हा प्रश्न दुय्यम होय. तयार झालेला पाठ त्या संकेतस्थळाविनाही चालेल अशा व्हिडिओच्या रूपाने आपल्या संगणकावर उतरवून घेता येतो काय, हे आधी पाहिले पाहिजे. तसे होत नसेल, तर शिक्षकाने वर्षभराचे पाठ त्या साधनावर सोपवू नयेत, हेच श्रेयस्कर.