दुरुस्तीनंतर जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन सुरू करताना

ब्रिटनमधील जॅग्वार कंपनीने १९६१ साली सादर केलेल्या ई-टाइप या स्पोर्ट्स कारमध्ये ३.८ लिटर क्षमतेचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन होते. असे इंजिन पूर्ण उघडून पुन्हा जोडल्यावर तेलाच्या वाहिन्या रिकाम्या असतात आणि बेअरिंग, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणारे मऊ धातूचे अस्तर, तेलाच्या थराविना अल्पावधीत खरवडले जाते. म्हणून आधी स्पार्क प्लग काढून सिलिंडरांतील दाब नाहीसा केला जातो, विजेची ठिणगी बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थांबत थांबत फिरवले जाते आणि तेलाच्या दाबमापकाचा काटा वर चढल्यावरच प्लग बसवून पेट्रोल सोडले जाते. इंजिन सुरू होताच गळती तपासली जाते. ते पुरेसे तापल्यावर तिन्ही कार्ब्युरेटरांतून, म्हणजे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या उपकरणांतून, सारखीच हवा जाईल अशी जुळणी केली जाते. पिस्टनच्या नव्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी घासून नीट बसेपर्यंत, पहिल्या काहीशे किलोमीटरांत, वेग बदलता ठेवून अतिरिक्त भार टाळणे इष्ट असते, आणि त्यानंतर धातूचा कीस मिसळलेले तेल व फिल्टर बदलणे आवश्यक ठरते.