बालवाडी अंगणात गेली त्याची गोष्ट

बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं ते १९४५ साली. ताराबाई मोडक तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. त्याआधी राजकोटच्या महिला अध्यापक महाविद्यालयातलं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांकडे गेल्या, १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला, पुढे दादरला ताराबाईंचं शिशुविहार उभं राहिलं. शहरातल्या शिकलेल्या पालकांना बालशिक्षण पटू लागलं होतं. हातावर पोट असलेल्या घरांत मात्र त्याचा पत्ता नव्हता.

बोर्डीत पहिली अडचण पैशाची. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग, मग शंख-शिंपले, बिया, खडे आणि पानं कामाला लागली. मोजायला आणि रंग-आकार ओळखायला तेवढं पुरतं.

दुसरी अडचण जास्त बिकट होती. गावातल्या दलित वस्तीतली मुलं केंद्रात येईनात. मग केंद्रच वस्तीत गेलं. शिक्षिका सकाळी तिथे पोचत. आधी हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं, मग गाणी आणि गोष्टी. कुणाच्या तरी घरापुढचं अंगण हाच वर्ग, आणि सगळं चालायचं ते घरातल्या बायकांच्या डोळ्यांदेखत. अंगणवाडी जन्मली ती अशी.

१९४५ सालीच अनुताई वाघ ताराबाईंना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, पुढे जिद्दीने शिक्षण आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी, असा त्यांचा तोवरचा प्रवास. १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी गेलं. तिथे थोरली मुलं शाळेत येत नव्हती. कारण साधं होतं: आईबाप मजुरीला जात आणि धाकटं भावंड थोरल्याच्या काखोटीला असे. त्यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी झाली. काही मुलं गुरांमागे रानात असत, तर त्यांच्यासाठी रानातच कुरणशाळा भरू लागली.

मुलांचा कैवार घ्यायचा तर आधी त्या घराचा दिवस कसा जातो ते बघावं लागतं, हे या दोघींनी जाणलं होतं. निवेदनं, समित्या, विधिमंडळ यांचं ताराबाईंना वावडं नव्हतं; त्या स्वतः मुंबईच्या विधानसभेत सदस्य होत्या. पण तिथे बोलायला लागणारी माहिती अंगणात बसून मिळालेली होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. अंगणवाडी आता सरकारी झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे आल्या. यातलं शिक्षण बहुधा मागे पडतं. वजनं घ्या, आहार वाटा, मोबाइलवर नोंदी भरा, सर्वेक्षण करा; गाण्या-गोष्टींना वेळ उरला तर उरला.

कायद्यातही लहानग्यांची बाजू लंगडीच आहे. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालची मुलं मात्र मार्गदर्शक तत्त्वांत राहिली. म्हणजे सरकारने प्रयत्न करावा एवढंच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला, पण धोरण दाखवून कोर्टात दाद मागता येत नाही.

मग गावातल्या पालकाने करायचं काय? ग्रामसभेत प्रश्न विचारायचे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कशावर गेला? अंगणवाडीत नळ आहे का, संडास मुलांना वापरता येतो का, वजनकाटा चालतो का? हे विचारायला पदवी लागत नाही. चार आया मिळून गेल्या तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यालाही वही उघडावी लागते.

अंगणवाडी सेविकांचा प्रश्न यापासून वेगळा काढता येत नाही. त्यांना मिळतं ते पगार नव्हे, मानधन. गुजरातमधल्या सेविकांनी हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निकाल एप्रिल २०२२ मध्ये लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा मानधनवाढीबरोबर ग्रॅच्युइटीही त्यांच्या मागण्यांत होतीच.