पाडव्याची गुढी आणि घराचा दस्त

चैत्र शुद्ध प्रतिपदेला ऊन पुरते चढलेले नसते तोच गिरगावात फडके गणपती मंदिराच्या परिसरात ढोलताशांची पथके जमू लागतात, नऊवारी नेसलेल्या व फेटे बांधलेल्या स्त्रिया मोटारसायकलींवर स्वार होतात, चौकाचौकांत रांगोळ्यांचे गालिचे अंथरले जातात आणि पाहता पाहता सारे रस्ते माणसांनी भरून वाहू लागतात. आणि त्याच दिवशी, त्याच मुहूर्तावर, ठाणे, कल्याण, पनवेलच्या बाजूस उभ्या राहणाऱ्या नव्या गृहसंकुलांच्या कचेऱ्यांसमोरही गुढी उभारलेली असते, तिला साखरेची गाठी घातलेली असते आणि सहकुटुंब आलेली मंडळी नमुन्याची सदनिका पाहून इसाराची पावती फाडून घेत असतात. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक, म्हणून सोने आणि घर या दोहोंच्या खरेदीस तो प्रशस्त मानला जातो, हे सर्वश्रुत आहे. परंतु शोभायात्रा आणि घरखरेदी यांचा संबंध केवळ पंचांगापुरता नाही. हा वसंतोत्सव जी माणसे उभा करतात ती कोठे राहणार हे घरांचा बाजार ठरवतो, आणि ज्या मोकळ्या जागेवर उत्सव उभा राहतो तिला मात्र या बाजाराच्या हिशेबात मोल नसते.

नववर्ष स्वागतयात्रेची आज रुजलेली प्रथा गिरगावात नव्हे, तर डोंबिवलीत जन्मली, ही गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे. गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस तेथील श्री गणेश मंदिर संस्थानाने पुढाकार घेऊन गावातील संस्थांना एकत्र आणले, फडके रोड माणसांनी फुलला, आणि ते पाहून पुढे ठाणे, गिरगाव व इतर अनेक ठिकाणी यात्रा निघू लागल्या. गिरगाव, दादर, परळ येथील खोल्या अपुऱ्या पडल्या म्हणून रेल्वेच्या आधाराने दूर जाऊन वसलेल्या मराठी मध्यमवर्गाचे हे नगर. वाडीतले शेजारपण मागे सुटले आणि नवी इमारत शेजारपण आपसूक देईना, तेव्हा या लोकांनी ते रस्त्यावर उतरून पुन्हा घडवले, असे मला वाटते. उत्सव हा जुन्या वस्तीचा वारसा असतो असे आपण धरून चालतो, पण येथे तो विस्थापितांनी निर्माण केला, आणि मूळ वस्तीने तो त्यांच्याकडून घेतला.

मागे सुटले ते नेमके काय, हे चैत्रातच कळते. शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालते. चाळीत हे हळदीकुंकू दहा बाय बाराच्या खोलीत कधीच मावत नसे. आंब्याची डाळ एकीच्या घरी वाटली जाई, पन्ह्याचे पातेले दुसरीच्या घरी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले असे, भिजवलेले हरभरे ओटीत घेऊन बायका सामाईक गॅलरीतून दारोदार फिरत, आणि उंबऱ्यासमोर काढलेल्या चैत्रांगणातली गोपद्मे, शंख, कासव व तुळशीवृंदावन जपत मुले एका पायावर उड्या मारीत पलीकडे जात. गौर एका घरची असली, तरी मखर साऱ्या मजल्याचे असे. ज्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्या चाळीचे सामर्थ्यही अशाच सामाईक जागेत होते.

ही वस्ती विरळ होण्यास एकट्या बिल्डरास जबाबदार धरणे सोपे असले तरी न्याय्य नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील प्रमाण भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना त्याने निश्चितच वाचवले, पण नाममात्र भाड्यात मालकास दुरुस्तीचे कारण उरले नाही, आणि खोली हातोहात फिरू लागली ती पागडीच्या वाटेने. इमारती खचू लागल्या तेव्हा १९६९ साली कायदा करून शासनाने दुरुस्ती मंडळ स्थापले व त्यासाठी उपकर बसवला. त्या वेळी शहरात अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. ३१ मार्च २००० पासून नवा भाडेनियंत्रण कायदा अंमलात आला आणि पागडीला कायद्याने मान्यता मिळाली, परंतु तोवर दोन पिढ्या निघून गेल्या होत्या. मुलाचे लग्न ठरले की खोलीचा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा, मालकाचा हिस्सा द्यायचा आणि उरलेल्या रकमेत उपनगरापलीकडे दोन खोल्या घ्यायच्या, हा क्रम घरोघर ठरून गेला. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावातही तेच घडले, आणि अधिक कठोरपणे घडले.

आता पाडव्याच्या खरेदीकडे वळू. येथे पंचांगाच्या जोडीला सरकारी वर्षही काम करते, आणि हे सामान्य खरेदीदाराच्या सहसा ध्यानात येत नाही. मुद्रांक शुल्क करारातील मोबदला व शासनाने ठरवलेले बाजारमूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. हे बाजारमूल्य ज्या वार्षिक दर तक्त्यांवरून काढतात ते, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले रेडी रेकनर, १ एप्रिलपासून बदलू शकतात. काही वर्षे ते बदलत नाहीत. १ एप्रिल २०२५ रोजी मात्र मुंबईत सरासरी ३.३९ टक्के, तर ठाण्यात ७.७२ टक्के वाढ झाली. त्या वर्षी पाडवा ३० मार्चला होता, त्याच्या आदल्या वर्षी ९ एप्रिलला. मुहूर्त कधी जुन्या दरात पडतो, कधी नव्या. दस्तावर मुद्रांक भरून सही झाली असेल तर नोंदणीसाठी तो चार महिन्यांत सादर करता येतो, म्हणून मार्चअखेरीस सह्यांची घाई होते. शुल्काच्या दराचा खरेदीवर किती प्रभाव पडतो हे २०२० साली दिसलेच: सप्टेंबर ते डिसेंबर या काळात ५ टक्के शुल्क २ टक्क्यांवर आणताच, टाळेबंदीने ओस पडलेल्या दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत रांगा लागल्या.

मुहूर्तावर श्रद्धा असणाऱ्याने मुहूर्त जरूर साधावा, पण त्या दिवशी देण्याघेण्याची मर्यादा ओळखावी. नोंदणीकृत करारनाम्याविना किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही. १ मे २०१७ पासून राज्यात कार्यरत असलेल्या महारेरा या नियामक प्राधिकरणाकडे प्रकल्पाची नोंद असावी लागते. आणि क्षेत्रफळ सांगायचे ते चटईक्षेत्राचे. महारेराचा क्रमांक फलकावर वाचून थांबू नये. डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींनी खोट्या परवानग्यांच्या आधारे ही नोंदणी मिळवल्याचे उघड होऊन २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांत पै पै साठवून आणि कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबे राहत होती. ज्यांच्या दारावर तोरण होते त्यांच्याच दारावर नोटीस लागली. म्हणून बांधकाम परवानगी महापालिकेत जाऊन पडताळावी आणि मिळकतीच्या मालकीचा शोध वकिलाकडून घ्यावा. यात चार आठवडे गेले आणि पाडवा हुकला, तर पुढे अक्षय्यतृतीया आहेच.

जे गेले नाहीत, जुन्या जागी टिकून राहिले, त्यांचा प्रश्न आज पुनर्विकासाचा आहे. उपकरप्राप्त इमारतीतील निवासी भाडेकरूस किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. वरळीच्या बीडीडी चाळींत, जेथे शंभर वर्षे १६० चौरस फुटांत कुटुंबे वाढली, तेथे ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या आल्या. हा लाभ मोठा आहे. स्वतःचे न्हाणीघर नसलेल्या घरात हयात घालवलेल्या स्त्रीला चाळीच्या शेजारपणाचे गोडवे ऐकवणे हा तिच्यावर अन्याय होईल, आणि तो मी करणार नाही. परंतु वाटाघाटीच्या बैठकांत मी नेहमी पाहतो की घराचे वाढीव फूट, कॉर्पस निधी, पर्यायी जागेचे भाडे आणि वाहनतळ यांवर तास न् तास चर्चा होते, आणि ज्या अंगणात गौरीची आरास, लेझीमचा सराव व लग्नाचा मांडव झाला त्या अंगणाचा उल्लेखही कोणी करत नाही. नकाशात त्याच्या जागी मोटारींचे मजले येतात, त्यांच्या वरच्या गच्चीवर थोडी हिरवळ दाखवली जाते, आणि खालच्या रस्त्याशी त्या हिरवळीचे नाते उरत नाही. मिरवणूक त्या गच्चीवर चढत नाही. वाडीतून निघून रस्त्याला मिळणे हेच तिचे रूप आहे, आणि पथके उभी राहतात ती सरावाला जागा मिळाल्यावरच.

चैत्रात अनेक गृहनिर्माण संस्थांच्या बैठका भरतील आणि पुनर्विकासाचे मसुदे समोर येतील. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनुसार विकासकाची निवड सर्वसाधारण सभेतच व्हायची असते, म्हणजे बोलण्याची संधी प्रत्येक सभासदाला आहे. त्या सभेत माझ्या वाचकांनी एवढे करावे: सदनिकेच्या क्षेत्रफळाइतक्याच आग्रहाने जमिनीच्या पातळीवरील, रस्त्याला लागून असलेल्या मोकळ्या अंगणाची मागणी करावी, त्याची लांबीरुंदी करारनाम्यात आकड्यांनी लिहून घ्यावी, मंजूर नकाशात ते दाखवून घ्यावे, आणि ते दाखवले जाईपर्यंत सही करू नये.