केसरीच्या यादीत न मावणारे मल्ल

निरनिराळ्या काळांतील खेळाडूंपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये मोठ्या आकडेमोडीनिशी घातला जातो. आणि लातूर-नांदेडच्या पट्ट्यात, माळेगावच्या खंडोबा यात्रेतील कुस्त्यांच्या फडाभोवती, तोच वाद आकड्यांचा जवळजवळ आधार न घेता मल्लांविषयी रंगतो. वरवर पाहता या दोन वादांत काही साम्य दिसत नाही, परंतु दोन्हींना एकच अडचण ग्रासते : त्या त्या काळाने जे मोजले तेवढेच पुढच्या पिढीच्या हाती लागते, आणि जे मोजले नाही ते श्रेष्ठत्वाच्या हिशेबातून निमूटपणे गळून पडते.

बास्केटबॉलमधील उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. विल्ट चेंबरलेन याने 2 मार्च 1962 रोजी एकाच सामन्यात 100 गुण केले आणि त्या संपूर्ण हंगामात सामन्यामागे सरासरी 50.4 गुण मिळवले. पण त्या हंगामात लीगमध्ये अवघे नऊ संघ होते, आज ते तीस आहेत, आणि प्रत्येक संघ तेव्हा सामन्यामागे सुमारे 108 वेळा बास्केटचा नेम धरत असे, हा आकडा आता साधारण 90च्या आसपास असतो. म्हणजे गुण मिळवण्याच्या संधीच त्या काळी अधिक होत्या. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवणाऱ्या बिल रसेलची खरी ताकद प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हवेतच अडवण्यात होती, आणि असे अडवलेले चेंडू अधिकृतपणे मोजण्यास लीगने 1973-74 मध्ये, म्हणजे रसेल निवृत्त झाल्यानंतर, सुरुवात केली. त्यामुळे त्याचे सर्वांत मोठे कसब आकड्यांच्या तक्त्यात मुळी नाहीच.

मराठवाड्याच्या कुस्तीत या तक्त्याची जागा एका यादीने घेतली आहे, ती महाराष्ट्र केसरींची. स्पर्धेचे पहिले अधिवेशन 1961 मध्ये औरंगाबादेत भरले आणि सांगलीकडील दिनकर दह्यारी पहिले केसरी झाले. 1969 चे अधिवेशन लातुरात झाले, तर 2001 चे नांदेडात, जिथे राहुल काळभोर यांनी मान मिळवला. मराठवाड्याच्या दृष्टीने यांतील लातूरचे वर्ष सर्वांत मोलाचे, कारण त्या वर्षी निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार केसरी झाले, आणि तेही आपल्याच भागातील प्रेक्षकांसमोर. पुढच्याच वर्षी, 1970 मध्ये, एडिनबरोच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत बिराजदारांनी सुवर्णपदक मिळवले, आणि रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

बिराजदारांचे मोठेपण नेमके किती, हे ठरवताना त्यांच्या मागे काय नव्हते याचाही हिशेब मांडावा लागतो. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात तालमी आणि मैदाने उभी राहिली, तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि सप्टेंबर 1948 पर्यंत तिथेच राहिला. त्यामुळे इथल्या पोराला पैलवानकी करायची तर बिऱ्हाड उचलून कोल्हापूर गाठावे लागे. बिराजदारांनी तेच केले. कोल्हापूरच्या तालमीतला पोर आणि मुदगडचा पोर एकाच फडात उतरले, तरी दोघांनी तिथवर केलेला प्रवास सारखा नसतो, आणि केसरींच्या यादीत या प्रवासाची नोंद नाही.

कुस्तीच्या बाबतीत त्याहून अवघड प्रश्न असा की खेळच मधल्या काळात बदलला. लाल मातीच्या हौद्यातली निकाली कुस्ती म्हणजे एकाचे दोन्ही खांदे मातीला लागेपर्यंत चालणारी लढत. तिच्यात दम, खुराकावर कमावलेली ताकद आणि समोरच्याला थकवण्याचा धीर यांना किंमत असे. गादीवरच्या आजच्या लढतीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, आणि फ्रीस्टाइलमध्ये, म्हणजे पायावरचे डाव चालणाऱ्या प्रकारात, दहा गुणांची आघाडी मिळताच लढत संपते. चीत करण्याची वाट कोणी पाहत बसत नाही. आंतरराष्ट्रीय नियमही स्थिर नव्हते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कांस्यपदक जिंकले तेव्हा दोषगुणांची पद्धत होती : चीतपट विजयाला शून्य, गुणांवरच्या विजयाला एक आणि पराभवाला त्याहून अधिक दोषगुण पडत आणि ठरावीक मर्यादा गाठणारा मल्ल बाद होई. वजनगटात कांस्य एकालाच मिळे; आता ते दोघांना मिळते.

वजनगटांची गोष्ट तर तुलना करणाऱ्याला चकवणारी आहे. खाशाबा 57 किलोचे; बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे, ज्यांनी 2018 मध्ये गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल सुवर्ण मिळवले, तेही 57 किलोचेच. आकडा एक असला तरी अर्थ भिन्न आहे. 1952 मध्ये 57 च्या खाली 52 किलोचा गट होता, 1970 मध्ये राष्ट्रकुलात दहा गट होते आणि सर्वांत हलका 48 किलोचा होता. 2018 मध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे सहाच गट उरले आणि 57 हा त्यांतला सर्वांत हलका ठरला. गट कमी झाले म्हणजे पूर्वी वेगवेगळ्या गटांत विखुरलेले मल्ल एकाच गटात दाटले, आणि त्या गटातले पदक महागले. मात्र प्रतिस्पर्धी कोण होते हे पाहता आवारे यांचे 2019 च्या जागतिक स्पर्धेतील 61 किलोचे कांस्य, गट ऑलिंपिकबाहेरचा असला तरी, बिराजदारांच्या राष्ट्रकुल सुवर्णाहून मिळवायला कठीण होते, असे म्हणण्यास जागा आहे. कारण राष्ट्रकुलात रशिया, इराण, जपान यांसारखे कुस्तीतले मातब्बर देश उतरतच नाहीत. यात्रेतल्या जाणत्यांना हे विधान रुचणार नाही.

ते न रुचण्याचे कारण केसरीच्या यादीत सापडते. हा किताब जड वजनाच्या मल्लांचा आहे. आज या गटाची मर्यादा 86 ते 125 किलो अशी असून माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात अंतिम लढत होते. त्यामुळे 57 किलोच्या आवारेंना केसरीची गदा कधी मिळणे शक्यच नव्हते, आणि लातूर जिल्ह्यातीलच काका पवार यांना तर त्याहूनही नव्हते. ग्रीको-रोमन या प्रकारात, जिथे कमरेखाली पकड धरता येत नाही आणि पट काढण्याचा मातीतला हुकमी डाव निरुपयोगी ठरतो, हलक्या वजनात त्यांनी देशासाठी लढती केल्या आणि अर्जुन पुरस्कार मिळवला. रसेलने अडवलेल्या चेंडूंसारखीच त्यांची कारकीर्द गावच्या मोजमापाबाहेर राहिली. लोकांच्या बोलण्यात मोठा पैलवान म्हणजे थोराड पैलवान, ही समजूत केसरीच्या यादीने पक्की केली, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

तरीही या तिघांची तुलना एकमेकांशी झुंजवून करणे थोडे कृत्रिमच आहे. बिराजदारांनी उत्तरायुष्यात पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत शिष्य घडवले, आवारे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. 14 सप्टेंबर 2011 रोजी वस्ताद गेले आणि आवारे पुढे काका पवार यांच्याकडे आले. गोल्ड कोस्टचे सुवर्ण आवारेंनी बिराजदारांना अर्पण केले. शिष्याच्या पदकात वस्तादाचा वाटा किती, हे मोजणारी पद्धत बास्केटबॉलच्या पंडितांनाही अद्याप गवसलेली नाही.

जानेवारी 2020 मध्ये पुण्यातल्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत नाशिकचे हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचे शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही काका पवार यांच्याच तालमीतले होते. लढत 3-2 अशी, एका गुणाने सुटली. निकाल लागताच सदगीर यांनी शेळके यांना खांद्यावर घेतले, आणि यादीत त्या वर्षासमोर सदगीर यांचे नाव लागले.