‘जय भीम, जय मीम’च्या आधी : एमआयएमचा इतिहास आपण का वाचायला हवा?

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाद हमखास रंगतो. एक गट म्हणतो, बौद्ध-मुस्लिम एकत्र आल्याशिवाय सत्ता मिळणार नाही. दुसरा म्हणतो, एमआयएम म्हणजे रझाकारांचा पक्ष, त्यांच्याशी कसली युती? दोन्ही बाजू इतिहासाचा दाखला देतात, पण अर्धाच. म्हणून तो इतिहास क्रमाने पाहू.

संस्थानातील मजलिस

मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची स्थापना १९२७ साली हैदराबाद संस्थानात झाली. सुरुवातीला ती मुस्लिमांमधील वेगवेगळ्या पंथांना एकत्र आणणारी धार्मिक-सामाजिक संघटना होती. १९३८ मध्ये बहादूर यार जंग अध्यक्ष झाले आणि तिला राजकीय वळण लागले. संस्थानातील सार्वभौमत्व मुस्लिमांचे आहे आणि निझाम हे त्याचे प्रतीक, अशी त्यांची मांडणी होती. दलितांचे इस्लाममध्ये धर्मांतर घडवण्यासाठीही ते प्रयत्नशील होते. १९४४ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.

पुढे सूत्रे लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाती गेली. त्यांच्या रझाकारांनी मराठवाडा-तेलंगणात केलेले अत्याचार आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पाहिले आहेत.

तेव्हा दलित कुठे होते?

हा भाग आपल्यालाही फारसा माहीत नसतो. संस्थानातील दलित नेतृत्व दुभंगलेले होते. बी. एस. वेंकटराव निझामाच्या मंत्रिमंडळात होते. श्यामसुंदर १९४८ मध्ये हैदराबादची बाजू मांडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या शिष्टमंडळात होते. बाबासाहेबांची भूमिका मात्र स्पष्ट होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून त्यांनी संस्थानातील अस्पृश्यांना निझामाची बाजू घेऊ नका आणि धर्मांतराला बळी पडू नका, असे बजावले. सवर्णांचा जाच आहे म्हणून कोणत्याही सत्तेच्या आसऱ्याला जाणे त्यांना मान्य नव्हते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निझामाने शरणागती पत्करली. त्यानंतर सूडाच्या हिंसाचारात सामान्य मुस्लिम मोठ्या संख्येने मारले गेले. पंडित सुंदरलाल समितीने हा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असल्याचा अंदाज दिला होता. रझाकारांचे अत्याचार सांगायचे आणि हे दडवायचे, हा इतिहास नव्हे.

संविधानाच्या चौकटीत

मजलिसवर बंदी आली, रझवी तुरुंगात गेले. १९५७ मध्ये सुटल्यावर ते पाकिस्तानात निघून गेले. जाण्यापूर्वी संघटनेची जबाबदारी वकील अब्दुल वाहिद ओवेसी यांच्याकडे आली. भारतीय संविधान मान्य करून पक्ष निवडणुकीच्या राजकारणात उतरला. त्यांचे पुत्र सुलतान सलाहुद्दीन ओवेसी १९६२ मध्ये आमदार झाले आणि १९८४ पासून २००४ पर्यंत हैदराबादचे खासदार राहिले. हैदराबादच्या महापौरपदी मजलिसने हिंदू नगरसेवकही बसवले. त्यात दलित समाजातील अलमपल्ली पोचय्या होते. २००४ पासून असदुद्दीन ओवेसी खासदार आहेत आणि २००८ पासून पक्षाध्यक्षही.

महाराष्ट्रातील प्रयोग

२०१२ मध्ये नांदेड महापालिकेत ११ जागा जिंकून पक्ष महाराष्ट्रात आला. २०१४ मध्ये भायखळा आणि औरंगाबाद मध्य येथून दोन आमदार निवडून आले. २०१५ मध्ये औरंगाबाद महापालिकेत २५ नगरसेवक आले.

२०१८ मध्ये बाळासाहेब आंबेडकरांच्या वंचित बहुजन आघाडीशी युती झाली. २०१९ च्या लोकसभेत आघाडीला राज्यात सुमारे ४१ लाख मते मिळाली. औरंगाबादमधून इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी जिंकले. तिथे बौद्ध मते त्यांच्या पाठीशी उभी राहिली नसती तर हा विजय शक्य नव्हता. बाळासाहेब मात्र अकोला आणि सोलापूर दोन्हीकडे हरले. मते इकडून तिकडे गेली, तशी तिकडून इकडे आली का, हा प्रश्न तेव्हापासून कार्यकर्त्यांच्या मनात आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये जागावाटपावरून युती तुटली. विधानसभेत एमआयएमला धुळे शहर आणि मालेगाव मध्य अशा दोन जागा मिळाल्या, वंचितला एकही नाही.

मग आपण काय घ्यावे?

आजच्या एमआयएमला १९४८ च्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. पण प्रश्न विचारणे आपला हक्क आहे. तीन पिढ्या एकाच घराण्याकडे नेतृत्व का? मुस्लिमांमधील मागास जातींना, पसमांदांना पक्षात किती स्थान? २०२३ मध्ये महिला आरक्षण विधेयकाविरोधात लोकसभेत पडलेली दोन्ही मते एमआयएमची होती. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा नाही, हे त्यांचे कारण होते. कोट्यातील कोट्याची मागणी आपल्याही चळवळीत आहे. तरीही विरोधी मतदान हाच मार्ग होता का, यावर चर्चा व्हायला हवी.

आणि हेच प्रश्न आपल्या गटांनाही विचारायला हवेत. रिपब्लिकन पक्षाची शकले कोणा मुस्लिम नेत्याने केली नाहीत.

युती घोषणेवर टिकत नाही. जागा किती, मते एकमेकांना कशी वळणार, भूमी, शिक्षण, शिष्यवृत्ती आणि अत्याचाराच्या प्रश्नांवर समान कार्यक्रम काय, हे आधी कागदावर यायला हवे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये दिलेला इशारा मुस्लिमांविरुद्ध नव्हता. आपला निर्णय आपण, डोळे उघडे ठेवून घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ होता. पुढच्या निवडणुकीआधी वस्तीतल्या बैठकीत तेवढे केले तरी पुरे.

जय भीम!