आडिवऱ्याचे केशवराव दाते : 'कुंकू'मधला तो म्हातारा नवरा आपल्या जिल्ह्यातला होता

रत्नागिरी : पावस, पूर्णगडवरून पुढे राजापूर तालुक्यात शिरलं की आडिवरे लागतं. महाकालीच्या दर्शनाला वर्षभर माणसं येतात. पण मराठी रंगभूमी आणि सिनेमातला एक मोठा चरित्र अभिनेता याच गावात जन्मला, हे आज किती जणांना ठाऊक असेल? नाव केशवराव दाते. जन्म १८८९, निधन १९७१.

आधी एक घोळ सोडवू. कोल्हापूरच्या नाट्यगृहाला नाव आहे ते केशवराव भोसले यांचं, ते गायक नट. केशवराव भोळे संगीतकार. आपले दाते गद्य नाटकातले. गाण्याच्या जोरावर टाळ्या घेण्याची सोय त्यांना नव्हती, जे काही करायचं ते बोलण्यातून आणि चेहऱ्यावरून.

१९०७ च्या सुमारास ते महाराष्ट्र नाटक मंडळीत दाखल झाले. तेव्हा बायकांची कामं पुरुषच करायचे, दात्यांनीही केली. पुढे १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणलं. त्यात स्त्रियांच्या भूमिका ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांनी केल्या, आणि त्या नाटकात दातेही होते. ज्याने स्वतः लुगडं नेसून काम केलं, तोच हा बदल घडवणाऱ्यांत उभा राहिला.

नंतर सिनेमा. 'प्रभात' पुण्यात आल्यावर पहिला चित्रपट निघाला तो 'अमृतमंथन', १९३४ साली. त्या काळी एकाच सेटवर मराठी आणि हिंदी असे दोन चित्रपट व्हायचे, काही नट बदलायचे. राजगुरूचं काम हिंदीत चंद्रमोहनने केलं, मराठीत दात्यांनी.

पण त्यांचं खरं काम बघायचं तर 'कुंकू' (१९३७). व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, नारायण हरी आपटे यांची कथा. हिंदीत हाच चित्रपट 'दुनिया न माने' नावाने आला, आणि त्यातही काकासाहेब दातेच होते. काकासाहेब म्हणजे म्हातारे विधुर वकील. घरात मोठी झालेली मुलं, आणि लग्न केलं तरण्या नीराशी, तेही तिच्या मामाने फसवून लावून दिलेलं. शांता आपटेंची नीरा ठणकावून सांगते, हा नवरा मला मान्य नाही.

आता बघा, या माणसाची बाजू घ्यावी असं काहीच नाही. दुसऱ्या कोणी सरळ खलनायक रंगवला असता, नाहीतर मिशांना कलप लावणारा म्हातारा म्हणून हशा पिकवला असता. दात्यांनी दोन्ही टाळलं. त्यांचे काकासाहेब चिडतात, हक्क गाजवायला जातात, आणि मग हळूहळू त्यांनाच कळायला लागतं की आपण या पोरीचं काय करून बसलो. भिंतीवरचं घड्याळ चित्रपटभर टोले देत राहतं. त्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे ऐकू येतात. त्यामुळे वकीलसाहेब नुसते खुर्चीत बसले तरी त्यांच्या मनात काय चाललंय ते आपल्याला चेहऱ्यावरच वाचावं लागतं. विनामाईकच्या रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यात उमेद गेलेल्या नटाला इतकं कमी करणं सोपं नव्हतं. दाते तेव्हा पन्नाशीच्या आतच होते. शेवट इथे सांगत नाही, चित्रपट मिळवून बघा.

चरित्र अभिनेता म्हणजे काय, तर हाच. पोस्टरवर नायक-नायिका असतात, पण कथेचा भार बाप, गुरू, सासरा, शेजारी उचलतात.

१९४१ च्या 'शेजारी'त दाते पाटील झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. गावात धरण बांधायला ठेकेदार येतो आणि हिंदू-मुसलमान असलेल्या या दोन जुन्या मित्रांत फूट पाडतो. धरण, जमिनी आणि गावातली दुफळी आपल्या तालुक्यांना काही नवीन नाही, म्हणून हा चित्रपट अजून जवळचा वाटतो. हिंदी 'पडोसी'त हिंदू मित्राचं काम मझहर खान यांनी केलं.

पुढे शांताराम यांच्या 'राजकमल'मध्येही दाते होते. 'भक्तीचा मळा' (१९४४) त्यांनी दिग्दर्शित केला. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) या रंगीत चित्रपटात गोपीकृष्णचे कडक नृत्यगुरू मंगल महाराज आठवतात? तेही आपले आडिवऱ्याचे दातेच.