पडद्यावर 10 वॅट, पेटीत 240

पडद्यावर 3,000 ल्यूमेन प्रकाश टाकणारा दिव्याचा प्रोजेक्टर साधारण 250 वॅट वीज खातो. तेवढ्या पांढऱ्या प्रकाशातली ऊर्जा मोजली तर ती 10 वॅटच्या आसपास भरते. उरलेल्या 240 वॅटची पेटीतच उष्णता होते. ती बाहेर काढायचं काम मुख्यतः पंख्याचं.

240 वॅट वाहून नेताना हवा 10 अंशांनीच तापावी, यासाठी दर सेकंदाला 20 ते 22 लिटर हवा पेटीतून जावी लागते. फिल्टर धुळीने बुजून हवा निम्म्यावर आली की तीच वाढ 20 अंशांवर जाते.

हे गणित छत्रपती संभाजीनगरला लावून पाहा. इथे दुपारचं सरासरी कमाल तापमान मे महिन्यात 40 अंशांच्या घरात असतं, जानेवारीत 29 च्या. (25 मे 1905 ला तर पारा 46 वर गेल्याची नोंद आहे.) खोलीही तेवढीच तापलेली धरली, तर फिल्टर साफ असताना मे महिन्यात प्रोजेक्टरबाहेर पडणारी हवा 50 अंशांची. फिल्टर बुजलेला असताना जानेवारीत बाहेर पडणारी हवा 49 अंशांची! क्लासमधला प्रोजेक्टर बिघडला की आपण उन्हाळ्याला बोल लावतो. धूळही तेवढीच दोषी असते. दोन्ही एकत्र आले की 60. बहुतेक कंपन्या मात्र खोलीची मर्यादा 35 किंवा 40 अंशच सांगतात.

एवढ्या गरम हवेत सर्वांत नाजूक भाग पोलरायझरचा. एलसीडी प्रोजेक्टरमध्ये लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशासाठी तीन पॅनेल असतात आणि प्रत्येकाच्या अलीकडे-पलीकडे ही पातळ फिल्म. दिव्याची नळी 1,000 अंशांच्या आसपास तापते, पण ती त्यासाठीच घडवलेली. प्लास्टिकचा पोलरायझर 70-80 अंशांपुढे फार दिवस तग धरत नाही. त्यातही बहुधा आधी जातो तो निळ्या वाटेवरचा, कारण 450 नॅनोमीटरच्या निळ्या फोटॉनमध्ये 2.76 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, 620 नॅनोमीटरच्या लाल फोटॉनमध्ये 2.

ओळखायचं कसं? कोरी पांढरी स्लाइड लावा. मधोमध पिवळा डाग दिसला, तर तिथे निळा प्रकाश पोहोचत नाही. मग पूर्ण काळी स्लाइड लावा. त्यावर निळसर ढग दिसले, तर पोलरायझर निळा प्रकाश अडवेनासा झाला आहे. डीएलपी प्रोजेक्टरमध्ये अशी तीन पॅनेल नसतात. तिथे चिपवरचे सूक्ष्म आरसे अडकतात आणि पडद्यावर पांढरे ठिपके उमटतात.

लाईट गेली की आणखी एक धोका. पंखा थांबतो, दिवा मात्र तापलेलाच असतो आणि ती धग आतच मुरते. म्हणून उन्हाळ्यात प्रोजेक्टरला यूपीएस हवाच, निदान पंखा फिरून दिवा निवेपर्यंत पुरेल एवढा. आणि धुळीच्या खोलीत फिल्टर दर 100 तासांनी काढून झटका. पोलरायझर एकदा जळला की तो बदलण्यावाचून इलाज नाही.